मालकानं ओळख पटवावी

चाळीसगावात एखादी वस्तू कुणाची, हे ठरवायला वेळ लागत नाही. बैल ज्याच्या दावणीला त्याचा. शेत ज्याच्या सातबाऱ्यावर त्याचं. भावकीचा दावा असेल तर तेवढं प्रकरण तहसीलला. मोटरसायकलच्या बाबतीत जरा गोंधळ होतो, कारण हप्ते बाप भरतो आणि किल्ली पोराच्या खिशात असते. पण तिथंही गाडी पोराचीच, यावर गावाचं एकमत आहे. लॅपटॉप मात्र या व्यवहारात बसत नाही.

आमच्या आबांनी लॅपटॉप घेतला तेव्हा पैसे रोख मोजून दिले, पावतीवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहून घेतलं आणि घरी आणल्यावर त्याला हळदकुंकू वाहिलं. इतकं झाल्यावर लॅपटॉप कुणाचा? लॅपटॉपच्या मते अजून ठरायचंय. एखादं नवं काम सांगितलं की त्याचा पडदा झाकोळतो आणि मधोमध चौकट येते: याला बदल करू द्यायचे का? आबा ‘हो’ दाबतात. मग तो सांगतो, यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल. विंडोजला ही खोड २००७ साली व्हिस्टापासून लागली, ती अजून सुटलेली नाही. आबांनी खुर्ची मागे सारली आणि माझ्या भाच्याला विचारलं, “हाऊ लॅपटॉप मना शे का तेस्ना?”

भाचा इंजिनिअर आहे आणि दिवाळीला घरी आला होता. त्याची सगळी सुट्टी या एका प्रश्नात गेली.

मुळात लॅपटॉपवर मोबाइलची ॲपं चालवायची गरज का पडली, तेही सांगायला हवं, नाहीतर वाचकांना वाटेल आबांना गेम खेळायचे होते. आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. नोव्हेंबर आला की पेन्शनरला आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ म्हणून सोय आहे. बोटाचा ठसा दिला की हयातीचा दाखला संगणकावर जातो. पण आबांचं उभं आयुष्य लोखंडी लिव्हर ओढण्यात गेलं. त्यांच्या अंगठ्यावर आता ठसा म्हणावा असं काही उरलेलं नाही. यंत्र दरवेळी सांगतं, जुळत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, पण त्याला मोबाइलचं ॲप लागतं. आणि मोबाइलवरची अक्षरं आबांना दिसत नाहीत. “मी जित्ता शे, पन माले वाचता येत नही,” अशी एकंदर परिस्थिती. त्यात आबांची थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यावरच्या कापसाची ई-पीक पाहणी, तेही ॲप. बँकेचं पासबुक पाहायचं, तेही ॲप. मोठा पडदा घरात असताना सगळं बोटभर काचेत का बघायचं, हा आबांचा सवाल मला अजूनही रास्त वाटतो.

सोपा रस्ता एक होता. विंडोज ११ मध्ये मोबाइलची ॲपं थेट चालतील, असं मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये वाजतगाजत जाहीर केलं होतं. ती सोय ५ मार्च २०२५ ला बंद झाली. आबांनी लॅपटॉप घेतला तो त्यानंतर. तेव्हा भाच्यानं ॲण्ड्रॉइड स्टुडिओमधला एम्युलेटर निवडला. एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपच्या पोटात एक खोटा फोन तयार होतो, ज्याला आपण फोन नाही हे स्वतःला ठाऊक नसतं.

तो सुरू व्हायलाच पहिली परवानगी लागली ती लॅपटॉपच्या बायॉसची. तिथं व्हर्च्युअलायझेशन नावाचा एक खटका असतो. तो बंद असेल तर खोटा फोन इतका सावकाश चालतो की खरा फोन विकत आणणं लवकर होतं. खटका चालू केला. मग अँटिव्हायरसनं हरकत घेतली, ती मिटवली. मग विंडोजनं विचारलं, हे तुम्हीच करताय ना? भाचा ‘हो’ म्हणाला. पंखा गिरणीगत घरघरायला लागला आणि पडद्यावर एक देखणा फोन उगवला. आबांनी कौतुकानं चष्मा पुसला.

या फोनाची कुंडली मी मुद्दाम पाहिली. तशी कुंडली घेऊन एखादं स्थळ आलं असतं तर आमच्याकडे चहासुद्धा दिला नसता. राहणार अमेरिका: एम्युलेटर पहिल्यांदा उघडला की त्याचा पत्ता कॅलिफोर्नियातलं माउंटन व्ह्यू, म्हणजे गूगलचं मुख्य कार्यालय. सिम अमेरिकेतल्या टी-मोबाइलचं, तेही नुसतं नावाला. बॅटरी कायम शंभर टक्के. लाइट जाऊन लॅपटॉप माना टाकत होता, तेव्हाही आतला फोन ‘पूर्ण चार्ज’ म्हणून हसत होता. आणि हार्डवेअरचं नाव? पूर्वी तिथं ‘गोल्डफिश’ असे, आता ‘रांचू’ असतं. रांचू ही गोल्डफिशचीच एक जात आहे. बनवणाऱ्यांनी गंमत म्हणून माशांची नावं दिली असणार. पण बँकेच्या ॲपनं आत शिरताना विचारलं की बाबा तू कोण, तर हा फोन प्रामाणिकपणे सांगतो, मी मासा.

बँकेचं ॲप लगेच बंद झालं. का बंद झालं हे सांगण्याचं सौजन्य त्यानं दाखवलं नाही. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढं म्हणालं. आपल्याकडे हे दोन शब्द ऐकले की माणूस पुढं विचारत नाही.

ई-पीक पाहणीचं तर विचारूच नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही योजना आली, ती शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन, गटात उभं राहून, उभ्या पिकाचा फोटो काढावा म्हणून. ॲप आधी विचारतं, तुम्ही कुठे आहात. फोन म्हणाला, कॅलिफोर्निया. आबांचा गट आणि माउंटन व्ह्यू यांत साधारण अर्धी पृथ्वी येते. त्यात या फोनाच्या मागच्या कॅमेऱ्यातून एक बनावट खोली दिसते: सोफा, टीव्ही, भिंतीवर चित्र. आबा बराच वेळ त्या खोलीत कापूस शोधत होते. “पीक चांगलं दिसत नही,” असा त्यांनी शेवटी अभिप्राय दिला. खोट्या फोनाला खोटा पत्ताही सांगता येतो, अक्षांश-रेखांश टाकले की झालं, हे भाच्यानं उत्साहानं दाखवलं. पण आबांनीच त्याला दटावलं. पाहणी म्हणजे पाहणी. ती घरी बसून व्हायची तर तलाठ्यानं पूर्वीपासून केलीच असती. मी यावर मत देत नाही.

आता भाचा इरेला पेटला. त्याचं म्हणणं असं की माशाचं नाव पुसून तिथं एखाद्या अब्रूदार फोनाचं नाव लिहिलं की काम होईल. पण नाव बदलायला फोनाच्या आतल्या, कुलूपबंद भागात हात घालावा लागतो आणि त्याला रूट लागतं. रूट म्हणजे यंत्रातला सर्वाधिकारी. युनिक्सच्या जमान्यापासून त्याचा क्रमांक शून्य. बाकी सगळे त्याच्या मर्जीवर. ॲण्ड्रॉइडमध्ये तर प्रत्येक ॲपला वेगळा क्रमांक देऊन आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. फोनाचा मालक, म्हणजे पैसे मोजणारा माणूस, त्यालाही एक खोली मिळते. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मिळत नाहीत.

हे ऐकल्यावर आबा एकदम सावरून बसले, कारण आता गाडी त्यांच्या रुळावर आली होती. सिंगल लाइनवर पूर्वी परवानगीच्या गोळ्याशिवाय गाडी सुटत नसे. दोन्ही स्टेशनांत यंत्रं जोडलेली. पलीकडच्यानं संमती दिल्याशिवाय अलीकडे गोळा निघायचा नाही आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा मिळायचा नाही. ड्रायव्हरच्या हातात गोळा असला तर लाइन त्याची. नसला तर मोठ्या साहेबाचा सलून जोडलेला असला तरी गाडी उभी. “मंग आपला गोळा कोनजोडे शे?” आबांनी विचारलं. भाच्यानं सांगितलं, गूगलकडे. आबा म्हणाले, “अन् गाडी आपली?” भाचा गप्प बसला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्याला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नसावा.

गोळा मिळवण्याचे प्रयत्न सुरू झाले. इथं एक मजेशीर पेच आहे आणि तो खास या एम्युलेटरचा आहे. प्ले स्टोअर असलेला खोटा फोन घेतला तर त्याला रूट मिळत नाही. आज्ञा दिली की तो कळवतो, विक्रीच्या प्रतीत हे चालत नाही. रूट मिळणारा खोटा फोन घ्यावा, तर त्यात प्ले स्टोअर नसतं. म्हणजे दुकानाची किल्ली हवी तर माल नाही आणि माल हवा तर किल्ली नाही. भाच्यानं दोन्ही मिळवायचं ठरवलं आणि मॅजिस्क नावाचं साधन काढलं. जॉन वू नावाच्या तरुणानं ते २०१६ मध्ये बनवलं. याची करामत अशी की रूट मिळतं आणि वर ते ॲपांपासून लपवताही येत असे. २०२१ मध्ये जॉन वू गूगलच्या ॲण्ड्रॉइड सुरक्षा विभागात नोकरीला लागला आणि मॅजिस्कमधली लपवाछपवी त्यानं काढून टाकली. रस्ता अडवणाऱ्यालाच ठेका दिला की आंदोलन संपतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. हे कॅलिफोर्नियातही चालतं, एवढं नवीन.

लपवायचे इतर मार्ग निघाले, निघत राहतात. पण ॲपंही आता कसलेली आहेत. ती फोनात शिरताच कोपरे तपासतात. एसयू नावाची फाइल कुठं पडलीय का (भाचा तिचा उच्चार ‘सू’ करतो, पाहुण्यांसमोर करू नये), मॅजिस्कचा मागमूस आहे का, हार्डवेअर माशाचं आहे का. आणि एवढ्यानं समाधान झालं नाही तर ती थेट गूगलला विचारतात, हा माणूस बरा आहे का? याला प्ले इंटिग्रिटी म्हणतात. खऱ्या फोनात कारखान्यातूनच एक गुप्त किल्ली सुरक्षित भागात घातलेली असते. तिच्या सहीनं फोन आपली साक्ष काढतो. लॅपटॉपमधल्या फोनाला अशी किल्लीच नाही. नाव बदलता येतं, पत्ता बदलता येतो, सही कुठून आणणार? यूपीआयचं तर त्याहून सरळ आहे: ॲप आपल्या सिममधून एक एसएमएस पाठवून फोन आणि नंबर यांची गाठ मारतं. नुसत्या नावापुरत्या टी-मोबाइलच्या सिममधून काय जाणार, कप्पाळ.

बँकांचंही चुकतं असं नाही. रिझर्व्ह बँकेनं १८ फेब्रुवारी २०२१ ला डिजिटल पेमेंटच्या सुरक्षिततेबद्दल जे निर्देश काढले, त्यात फोन रूट केलेला आहे का हे तपासण्याची आणि असला तर ॲप चालू न देण्याची सोय करता येते का ते बघा, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याला कारण आहे. रूट मिळालेलं लबाड ॲप शेजारच्या खोलीत शिरून बँकेच्या ॲपचं सगळं वाचू शकतं. तक्रार एवढीच की या हिशेबात मालक आणि दरोडेखोर एकाच रांगेत उभे केले जातात. ज्याच्या हातात सगळ्या किल्ल्या, तो संशयित.

एका संध्याकाळी भाच्यानं विंडोजशेजारी लिनक्स टाकून पाहिलं. त्यावर वेड्रॉइड नावाचं साधन ॲण्ड्रॉइड बऱ्यापैकी चालवतं. इथं तर म्हणे आपणच मालक. ‘सुडो’ लिहायचं आणि हवं ते करायचं. आबांना मान म्हणून पासवर्ड टाकायला बसवलं. आबांनी एक अक्षर दाबलं. पडद्यावर काही उमटलं नाही. दुसरं दाबलं. ढिम्म. “कीबोर्ड गया,” आबा म्हणाले. लिनक्समध्ये सुडोचा पासवर्ड टाइप करताना सहसा ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, ही त्याची जुनी रीत. मग आबांच्या नावाचं जे खातं काढलं होतं, ते सुडोच्या यादीत नाही असं निघालं आणि यंत्रानं इंग्रजीत बजावलं, ही घटना कळवण्यात येईल. आबांचा चेहरा उतरला. रेल्वेत ‘कळवण्यात येईल’ म्हटलं की चार्जशीट येते. “कोनले सांगतीन ते? ठेसनले का पोलीस ठेसनले?” भाच्यानं समजावलं की हा अहवाल रूटच्या टपालात पडतो. रूट कोण? तर या लॅपटॉपपुरते आपणच. म्हणजे आबांची तक्रार आबांकडेच आली. त्यांनी ती दप्तरी दाखल करून घेतली.

खरं म्हणजे दार कुणाला उघडावं या बाबतीत आमचं गाव कच्चं नाही. केकी मूस या गावचे. १९१२ चा जन्म, टेबलटॉप छायाचित्रणात जगभर नाव, आणि आयुष्याची कित्येक दशकं त्यांनी इथल्या आपल्या बंगल्याबाहेर जवळजवळ पाऊलच टाकलं नाही. १९८९ मध्ये तिथंच गेले. गाडीच्या वेळेला ते दार उघडं ठेवत, मुंबईच्या कुणा एका व्यक्तीसाठी, असं गावात सांगतात. एका माणसाला परवानगी आणि ती शेवटपर्यंत रद्द नाही. याच्या उलट आमचा घरगुती कारभार. टॉर्चचं ॲप घेतलं, त्यानं कॉन्टॅक्ट मागितले: दिले. पंचांगाच्या ॲपनं मायक्रोफोन मागितला: घे बाबा, एकादशी ऐकायची असेल. एटीएमचा पिन कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला. स्टेशन रोडवर दुकानात पैसे देताना नवरा रस्त्यापलीकडच्या बायकोला ओरडून विचारतो, “आपला पिन काय गं?” आणि ती सांगते. चहावाल्यालाही पाठ झालेला असतो.

आणि ॲपांचा तो सगळा बंदोबस्त बघून मला पुढचं फार खटकतं. या दोन-तीन वर्षांत ज्यांचे पैसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्यातल्या बहुतेकांचे फोन रूट केलेले नव्हतेच. त्यांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. किंवा गाडीचं चलन आलं. किंवा पीएम किसानची यादी आली. फाइलच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं. म्हणजे पत्रिका नव्हे, अख्खं ॲपच. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का? हो. याला एसएमएस वाचू देऊ का? हो. अहो, लग्न कुणाचं ते तर बघू या! पुढचे ओटीपी चोर वाचतो. फोन एकदम खरा, सहीचा, कारखान्याच्या किल्लीचा. प्ले इंटिग्रिटीच्या परीक्षेत बहुधा पहिल्या वर्गात उत्तीर्ण. चोराला ना मॅजिस्क लागलं, ना रूट. त्याला आपण सगळे गोळे स्वखुशीनं दिले. ज्या पोरानं आजोबांना मोठी अक्षरं दिसावीत म्हणून दिवाळी घालवली, त्याला मात्र प्रत्येक दारातून हाकललं.

तोही जाता जाता आबांच्या खऱ्या फोनात एक करून गेला. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की फोन अभिनंदन करतो, तुम्ही आता डेव्हलपर आहात. लॅपटॉपला फोनाचा पडदा जोडायला त्याला ते हवं होतं. एससीआरसीपीवाय नावाच्या मोफत साधनानं खरा फोन केबलनं जोडून त्याचा पडदा लॅपटॉपवर मोठा दिसतो. रूट नको, मासा नको, अमेरिका नको. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण सोपं आधी सुचलं तर इंजिनिअर कसला. पासबुक बघू म्हणून बँकेचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, आधी डेव्हलपर ऑप्शन बंद करा. सातबारा उताऱ्यावर नाव लागलेल्या, रेल्वेतून सन्मानानं निवृत्त झालेल्या गृहस्थाला डेव्हलपर व्हायचीही मुभा नाही.

शेवटी कापसाची पाहणी आबांनी बांधावर जाऊन केली, मी फोन धरला. हयातीच्या दाखल्याचं मात्र ज्यांना यंदा करायचंय त्यांच्यासाठी सांगतो. लॅपटॉपच्या नादी लागू नका. आधारचं चेहरा ओळखणारं ॲप रूट केलेल्या यंत्रावर चालत नाही, आणि फोन तुमचाच असला पाहिजे असंही नाही. शेजाऱ्याचा, सुनेचा, कुणाचाही धड, न छेडलेला फोन चालतो. डेव्हलपर ऑप्शन बंद ठेवा. खिडकीकडे पाठ करू नका, उजेड तोंडावर येऊ द्या. मध्येच ते ॲप डोळे मिचकवायला सांगतं, तेव्हा लाजू नका, मिचकवा. लग्नपत्रिका एपीकेच्या रूपात आली तर उघडू नका, कितीही जवळचं लग्न असो. उघडलीच आणि पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. तो कुठल्याही फोनवरून लागतो.